मोरपिशी माजघर

उंब्रजात त्या काळी एखादी भिंत लांबूनच डोळ्यांत भरली, तर ती कुणाच्या हातची हे विचारावं लागत नसे. हरणाबाईचा हात. दसऱ्याआधी पंधरा दिवस आणि पाडव्याआधी आठ दिवस तिच्या दारात बोलवायला आलेली माणसं उभी असत. आणि गेल्या साली ज्याच्या घरी कालवणात मीठ कमी पडलं होतं, त्याला ती तोंडावर सांगे, "तुमच्याकडं शेवटाला." तोंडाची फटकळ आणि हाताची गुणी. अशा माणसाला गाव नावंही ठेवतं आणि बोलावल्याशिवाय राहतही नाही.

बाई मूळची आटपाडीकडची, धनगराची. तिकडे पावसाचा भरवसा नाही, म्हणून वर्षातले आठ महिने मेंढरांमागं जायचे. तिचा जन्म माळावरचा, लग्न माळावरचं, आणि पहिलं बाळंतपणही एका बाभळीखाली झालं. बारा दिवसांचं ते लेकरू अवकाळी पावसात भिजलं आणि गेलं. पुढच्याच साली नवरा तापानं गेला. थोरला भाऊ बिराप्पा म्हणाला, "चल माझ्या मेंढरांसंगं, तुला काय जड हाय मी?" ती म्हणाली, "न्हाई. मला आता चार भित्ती पाहिजेत."

बिराप्पाला ते लागलं. धनगराच्या पोरीनं भिंती मागायच्या म्हणजे काय! तो बोलून गेला, "जा मग, भित्ताडालाच दादा म्हण." ती खरोखरच गेली. उंब्रजात एका वाण्याच्या परसात तिला एका खणाची खोली मिळाली. पहिल्या दिवशी तिनं चूल मांडली नाही, आधी चारी भिंतींना चुना दिला आणि त्या पांढऱ्या उजेडात ती मनसोक्त रडली. तिथून तिचा धंदा सुरू झाला.

बिराप्पाची मेंढरं दर उन्हाळ्यात कृष्णेपलीकडच्या रानात बसायला येत. ऊस तुटला की शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, ती जुनीच चाल. संध्याकाळी वारा तिकडून असला की भावाची कुत्री भुंकलेली तिला ऐकू येत. पण आठ उन्हाळे ती नदी ओलांडून गेली नाही आणि तोही आला नाही. एका आईची लेकरं, तेव्हा दोघंही सारखीच आडमुठी.

ही गोष्ट सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यातली. लढाई संपली होती आणि पलटणीतली पोरं एकेक करून गावाला परतत होती. मनुबाईचा नाथाजी पाडव्यानंतर येणार असं पत्र आलं. नाथाजी पाच वर्षांमागं गेला तेव्हा त्याची बायको लीलाबाई या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पाच वर्षं सासू आणि सून एका घरात एकाच माणसाची वाट बघत बसल्या होत्या. मनुबाई कडक, पण तिनं सुनेला कधी उपाशी झोपू दिलं नाही. आणि लीलाबाई कमी बोलणारी, पण सगळ्या रानाचं काम अंगावर घेतलेली.

"हरणाक्का, माजघर आसं करा की त्येंनी उंबऱ्यातच थांबून बगावं," लीलाबाई म्हणाली होती. हरणाबाईनं मनावर घेतलं. कळीचा चुना आठ दिवस भिजत ठेवला, फडक्यातून दोनदा गाळला, आणि एरवी दोन हात देतात तिथं तीन दिले. शेवटच्या हातात तिनं अभ्रकाची पूड घातली. अभ्रक घालतात ते लग्नघराला. ऊन पडलं की भिंत चमचम करते. मनुबाईच्या माजघराचं दार पश्चिमेला, अंगणाकडं. दुपार कलली की ऊन सरळ आत येई आणि सगळी खोली लखलखून निघे. आपल्या हातून इतकं चांगलं काम आजवर झालं नाही, असं हरणाबाईनं स्वतःच चार जणींना सांगितलं. कमीपणा घेणं तिच्या स्वभावात नव्हतंच.

नाथाजी आला. वेशीवर माणसं गेली, दारात मनुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तो उंबरा ओलांडून माजघरात गेला, चार श्वास तिथं उभा राहिला, आणि काही न बोलता पाठ फिरवून मागच्या दारानं गोठ्यात गेला. लोकांना वाटलं, बैलांना भेटायला गेला. पण तो तिथंच राहिला. तिथंच जेवायचा, तिथंच निजायचा. टोपी पार भुवयांपर्यंत ओढून, दाराकडं पाठ करून दोर वळत बसायचा. लीलाबाईनं कंदील नेला तर म्हणायचा, "बत्ती ने." ती सासूसमोर पदर पुढं ओढून जायची, ताट ठेवायची, बत्ती उचलायची आणि माघारी यायची.

गावाला एवढं पुरतं. कुणी म्हणालं, तिकडं मडमेशी लगीन लावून आलाय. कुणी म्हणालं, वारं लागलंय. लीलाबाई ऐकून घ्यायची. घरात आल्यावर मात्र तिला वाटायचं, माणसानं आपल्याला बघितलं आणि आपण त्याला नकोशा झालो. दुसरं काय असणार?

महिनाभरानं हरणाबाई गोठ्याची पडकी भिंत लिंपायला गेली, तेव्हा लीलाबाईनं शेणाच्या पाटीआड तोंड करून हे सारं तिला सांगितलं. "हरणाक्का, त्ये माजघरात पाय टाकत्यात आन् इंचू चावल्यावानी भाईर पळत्यात. मी तिथं आस्ते म्हून."

हरणाबाईनं ऐकलं आणि त्या दुपारी काम करता करता नाथाजीवर नजर ठेवली. पाणी प्यायला तो माजघराच्या दाराशी आला. आतलं ऊन त्याच्या तोंडावर आलं मात्र, त्याचा हात कपाळावर गेला, मान खाली गेली आणि गालांवरून पाणी घळाघळा वाहायला लागलं. रडणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. याचं तोंड सरळ होतं, नुसते डोळे गळत होते. चुन्याचं काम नवं असताना भर उन्हात ताज्या भिंतीसमोर उभं राहून तिचे डोळे असेच गळले होते. फरक एवढाच, की ती घरी जाऊन ओली पट्टी ठेवायची आणि सकाळपर्यंत बरी व्हायची.

ती गोठ्यात जाऊन त्याच्यासमोर बसली. "नाथाजीबापू, डोळं दुखत्यात न्हवं?"

त्यानं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"माझ्या चुन्यानं सांगितलं."

मग तो बोलला. वाळवंटात एक तोफगोळा जवळच फुटला, वाळू आणि जाळ तोंडावर आला. दिसतं, पण उजेड सोसत नाही. पांढरं काही समोर आलं की डोळ्यांत सुया टोचतात. पलटणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं काळा चष्मा दिला होता, तो बोटीवर फुटला. आणि घरी सांगायची छाती झाली नाही. "आई म्हणंल, आंदळा हून आला. लीला पाच वर्सं थांबली, ती कुणासाठी? आंदळ्यासाठी?"

"आन् आता ती काय समजून बसलीया ठावं हाय का?" हरणाबाई फणकारली. "तुमी तिच्याकडं बगत न्हाई, म्हून ती नकोशी झाली, आसं समजतीया. लढाईवर जाऊन आलास रं, आन् बायकूला एवढं सांगाया भ्यालास?" रागाच्या भरात ती अहोजाहो विसरली. नाथाजीनं मान आणखी खाली घातली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दवाखान्यात डोळं उगडत हुतास का?"

"तिथं उगडायचो. तिथल्या भित्तीच तशा हुत्या. हिरव्या न्हवं, निळ्याबी न्हवं. मोराच्या मानंवानी. पर उन्हातल्या मोराच्या न्हवं, हरणाक्का. झाडाखाली सावलीला उभा आसतो न्हवं का मोर, तसा रंग. डोळ्याला थंड पडायचं."

हरणाबाईनं मोर लय बघितले होते. तिला रंग कळला. आणि हेही कळलं, की आपल्या जन्मातलं सगळ्यात चांगलं काम आपल्याच हातानं खरवडून काढावं लागणार. तिला त्याचं वाईट वाटलं नाही असं कुणी म्हणू नये. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं खुरपं घेतलं. लीलाबाईला सगळं सांगितलं, पण नाथाजीनं आईला सांगू नको म्हणून शपथ घातली होती, तेव्हा मनुबाईला काहीच ठाऊक नव्हतं. अभ्रकाचे पापुद्रे जमिनीवर पडायला लागले तशी म्हातारी धावत आली.

"आगं ए, डोकं फिरलं का तुजं? पाडव्याचा चुना वैशाखात खरवडतीस?"

"रंग द्यायचाय, मावशी. गडद."

"गडद? घरात मर्तिक हाय का? ल्योक जित्ता आलाय माझा!"

"जित्ता आलाय म्हूनच," हरणाबाई म्हणाली आणि खरवडत राहिली. लीलाबाई जन्मात पहिल्यांदा सासूसमोर ताठ उभी राहून म्हणाली, "मी सांगितलंय, आत्याबाई." मनुबाई खुरप्याच्या वाटेतून बाजूला सरली.

आता गडद रंग करणं सोपं नव्हे. चुना रंग खातो. त्यात काहीही घाला, वाळल्यावर फिकं पडणार. म्हणून हरणाबाईनं भिंतीला आधी शेणामातीचा हात दिला, म्हणजे खालून पांढरं डोकावायला नको. रंगाचा आधार होता मोरचूद, निळ्या खड्यांचा. मेंढरांच्या खुरांत सड पडली की धनगर मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवतात, त्यामुळे तो तिच्या ओळखीचा. मोरचुदाच्या पाण्यात थोडासा चुना पडला की मोरपिशी रंग उमलतो. त्याला खोली आणायला नीळ, आणि सावली आणायला दिव्याची काजळी. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत बसते. ती बाभळीच्या डिंकात घोटावी लागते. लीलाबाई काजळी घोटून घोटून कोपरापर्यंत काळी झाली. रंग जरा हिरवट हवा म्हणून ती मध्येच हळद घेऊन आली, तेव्हा हरणाबाई हसली. "चुन्यात हळद म्हंजी कुंकू हुतंय, येडे. कुंकवाची भित्त करायची का?" पुष्कळ दिवसांनी लीलाबाईही हसली.

खापरीवर रंगाचे हात देऊन, उन्हात वाळवून, गोठ्याच्या दाराशी नाथाजीला दाखवायचे. पहिला फिका. दुसरा काळा. तिसऱ्या खापरीवर त्यानं टोपी जरा वर केली. "ह्यो," तो म्हणाला.

मोरचूद लढाईपायी मिळेनासा झाला होता. कऱ्हाडच्या एका दुकानात होता नव्हता तेवढा आणला होता, आणि तो एका मडक्यात विरघळवून हरणाबाई घरी गेली. सकाळी येऊन बघते तो मडकं रिकामं पालथं घातलेलं, आणि माळ्यावर लोखंडी घमेल्यात गढूळ, तांबूस पाणी. निळं पार उडून गेलेलं. घमेलं आतून तांब्यासारखं लाल झालेलं.

झालं होतं असं. मोरचूद विषारी असतो एवढं मनुबाईला ठाऊक होतं. वासरू तोंड घालील म्हणून तिनं ते पाणी घमेल्यात ओतून उंच ठेवलं. आता मोरचूद लोखंडाला लागला की नासतो, हे धनगरणीला ठाऊक. ऊसवालीला कुठून असणार? म्हातारी घमेल्यापुढं हात जोडून उभी होती. "लोखंडाचं तांबं झालं गं. काय कोप झाला ह्यो?"

"कोप न्हाई, मावशी. माझं नशीब," हरणाबाई म्हणाली आणि तिनं पालथं मडकं सुलटं केलं. शपथ तिच्यानं पाळवली नाही. तिनं सगळं सांगून टाकलं, वाळवंट, डोळे, दवाखान्याच्या भिंती.

मनुबाईनं जोडलेले हात खाली सोडले. मग म्हणाली, "मला सांगाया काय झालं हुतं त्याला?"

"तुमी रडाल म्हून."

"मग रडले आस्ते," म्हातारी म्हणाली. "त्यात काय एवढं." आणि पदरात तोंड घालून ती रडली, महिनाभराचं एकदम.

नवा मोरचूद आणायचा कुठून? कऱ्हाडात नव्हता, साताऱ्याला माणूस पाठवला तर तिथंही नव्हता. तो कुठं असणार हे हरणाबाईला पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त पाय उचलत नव्हता. शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि कृष्णा उतरून पलीकडं गेली.

बिराप्पा एका मेंढीचं खूर छाटत बसला होता. कुत्री भुंकत अंगावर आली, त्यानं ओरडून गप्प केली. बहिणीकडं बघितलं आणि परत खुराकडं बघितलं. त्याची दाढी पांढरी झाली होती. हरणाबाईला ते बघवलं नाही.

"दादा, मोरचूद पाहिजे."

"कुणाची मेंढी लंगडती?"

"मेंढी न्हाई. माणसाचं डोळं हायत. भित्तीला पाहिजे." भिंतीचं नाव घेताना तिचा आवाज जरासा दबला. आता हा काय बोलतो, असं तिला झालं.

बिराप्पा उठला. सामानाच्या गाठोड्यातून एक चामड्याची पिशवी काढली आणि अख्खी तिच्या हातात दिली. पावसाळा तोंडावर होता. त्याच्या कळपाला त्यातला निम्मा तरी लागला असता. "समदा ने," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "आठ वर्सं नदी लय भरून वाहत हुती व्हय गं?"

"गुडघाभर पाणी हाय. तुमाला बी येता आलं आसतं."

"आलं आसतं," त्यानं कबूल केलं. मग त्यानं तिचे दोन्ही हात उलटे करून बघितले. चुन्यानं फाटलेल्या पेरांवरून त्याचा अंगठा फिरला. "लय फाटल्यात," एवढंच म्हणाला आणि पालात जाऊन लोण्याची वाटी घेऊन आला.

ती परतली तर मनुबाई आपल्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासून अंगणात मांडून बसली होती. "तांब्याला त्यो नासत न्हाई न्हवं? मग ह्यातच कर."

दोन दिवस तिघी राबल्या. ओला असताना रंग काळाभोर दिसे आणि मनुबाईचा जीव खालीवर होई. पण जसजसा वाळत गेला तसतशी भिंत शांत होत गेली. तिसऱ्या दुपारी ऊन दारातून आत आलं, पश्चिमेकडून, रोजच्यासारखं. यावेळी ते भिंतीवरून उसळलं नाही. भिंतीनं ते पिऊन टाकलं आणि सगळी खोली गडद, हिरवटनिळी, थंड होऊन राहिली. हरणाबाई कुंचा हातात धरून बघतच राहिली. घर म्हणजे पांढरी भिंत, असं ती आजवर समजत होती. हेही घरच आहे, असं तिला मनापासून वाटलं.

मनुबाई गोठ्यात गेली आणि एवढ्या मोठ्या लेकाला हाताला धरून घेऊन आली. नाथाजी उंबऱ्यात थांबला. सवयीनं हात कपाळाकडं गेला आणि मध्येच थांबला. तो एक पाऊल आत आला. अजून एक. मग खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं टोपी काढली आणि हळूहळू मान वर केली. डोळे लाल होते, पण उघडे होते आणि कोरडे होते. त्यानं आढं बघितलं, देवळी बघितली, आई बघितली.

लीलाबाई कोपऱ्यात रंगाचं भांडं विसळत होती. कामाच्या नादात पदर डोक्यावरून खाली आला होता आणि दोन्ही हात भरलेले, त्यामुळे तो ओढायला तिला जमेना. नाथाजीची नजर तिच्यावर गेली आणि तिथंच राहिली.

"आगं," तो म्हणाला. "तुजं क्येस पिकलं की गं."

अठ्ठावीस वर्षांच्या लीलाबाईच्या भांगाजवळ पांढऱ्या केसांची एक बट होती. घरात रोज वावरणाऱ्यांना तिचं काही वाटत नसे.

"कवाच," ती म्हणाली. "तुमची चिठ्ठी सा म्हैनं आली न्हवती, तवा."

नाथाजी पुढं झाला. हरणाबाईला घंगाळ उचलायचं भान राहिलं नाही. मनुबाईनंच तिचा दंड धरला आणि तिला ओढत अंगणात आणलं. "चल बया, आपलं काय काम हाय तिथं," म्हातारी पुटपुटली. ज्या घरात लेक आणि सून दिवसाउजेडी एकमेकांशी चार शब्द बोलत नसत, त्या घराचं दार भर दुपारी सासूनं स्वतःच्या हातानं बाहेरून ओढून घेतलं, आणि कुणी हाक मारायला येऊ नये म्हणून ती त्या दाराला पाठ लावून उन्हात बसून राहिली.